अनुभव धागा: ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते. तुमच्या गाडीत शेवटी काय निघालं?

गोव्यात झुआरीचा नवा पूल झाला, मोपा विमानतळाचा रस्ता झाला, पत्रादेवीपासून खाली महामार्ग ६६ सुद्धा बराच मोकळा झाला. पूर्वी साठच्या पुढे जायची सोय नव्हती, आता गाडी सहज नव्वदला जाते आणि तिथेच तिची खोड उघडी पडते. माझी हॅचबॅक ८५ ते ९५ च्या दरम्यान स्टिअरिंगमध्ये थरथरते, शंभराच्या पुढे कमी होते. अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) झालं, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) झालं, फरक नाही. गॅरेजवाले आता खालचं सगळं सस्पेन्शन बदला म्हणतात. कारण न सापडता पार्ट बदलत जाणं मला पटत नाही.

म्हणून तुमचे अनुभव हवेत. थरथर कुठल्या वेगाला, हातात की सीटखाली, अॅक्सिलरेटर दाबल्यावर की ब्रेक लावल्यावर, आणि कारण काय निघालं, एवढं जरूर लिहा.

पेडणे, टॅक्सी

पावसाळ्यानंतर आमच्याकडे हे हटकून होतं. कच्च्या वाटेवरची तांबडी माती रिमच्या आतल्या बाजूला जाऊन बसते आणि सुकली की दगडासारखी होते. बाहेरून गाडी कितीही धुवा, ती हलत नाही. १५ इंची रिमचं चाक १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १४ फेऱ्या मारतं, म्हणजे आत चिकटलेली मूठभर माती सेकंदाला १४ हिसके देते. चाक काढून आतून खरवडा आणि प्रेशरने धुवा. माती असतानाच बॅलन्सिंग केलं असेल तर ती पडल्यावर थरथर परत येणार, म्हणून आधी धुणं, मग मशीन.

फोंडा

आमचं बेळगावला सारखं जाणं असतं. अनमोड घाटाची चढण लागली की गाडी अंगातून हलायची. पाय उचलला की शांत, परत दाबला की सुरू. सपाटीवर एकाच वेगात चालवली तर काहीच नाही. चाकांवर खर्च करून झाला होता. शेवटी एका जुन्या मेस्त्रींनी शेजारी बसून फेरी मारली आणि परत आल्यावर थेट गाडीखाली गेले. एक्सलच्या, म्हणजे चाकाला इंजिनाचा जोर पोचवणाऱ्या दांड्याच्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचा रबरी बूट चिरलेला, ग्रीस आजूबाजूला उडालेलं, आतले रोलर खाल्लेले. बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट गेला तर वळताना कटकट येते, आतला गेला तर जोर लावताना थरथर. तो बदलला आणि विषय संपला.

डिचोली

माझ्याकडे फक्त ब्रेक लावल्यावर, चोर्ला घाट उतरताना सगळ्यात जास्त. स्टिअरिंग हलायचं आणि पेडल पायाखाली धडधडायचं. पुढच्या ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नव्हती. नवी जोडी बसवली.

मडगाव, टायरचं दुकान

धागाकर्त्या दादांसाठी सविस्तर लिहितो, कारण अर्धवट बॅलन्सिंग करून गिऱ्हाईक परत पाठवणं आमच्या धंद्यात फार चालतं.

पहिलं म्हणजे अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेला झिजतो. थरथरीचं कारण ते सहसा नसतं. ठरावीक वेगाच्या पट्ट्यात थरथर येते आणि पुढे कमी होते, तेव्हा आधी चाकाकडेच बघायचं. हातात जाणवली तर बहुतेक पुढचं चाक, सीटखाली जाणवली तर मागचं.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक लावलं की रिमला लावलेली आधीची सगळी छोटी वजनं काढायला सांगा. चाक मध्यावर धरणारा मशीनचा शंकूसारखा भाग (कोन) रिमच्या भोकात नीट बसला नाही तर मशीन चुकीचा आकडा दाखवतं. खात्री करायची तर शून्य आल्यावर चाक सैल करून अर्धी फेरी फिरवा, परत आवळा आणि परत मोजा. आकडा बदलला तर चाक मध्यावर बसलेलंच नव्हतं. याला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी कुणी करत नाही.

मग चाक फिरत असताना कडेकडे बघा. रिम वर-खाली किंवा आत-बाहेर डुलते का? खड्ड्यात आपटलेली रिम बऱ्याचदा आतल्या कडेला दबते, बाहेरून दिसत नाही. आणि आपल्या खाऱ्या हवेत हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंज चढतो. तो तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय चाक सपाट टेकत नाही. नट समोरासमोरचे आवळत जायचे, ओळीने नाही.

कुठ्ठाळी

आमचे हे बोटीवर असतात, गाडी महिनोन्महिने अंगणात उभी. बाहेर काढली की सुरुवातीला धडधड व्हायची, टायर गरम झाले की थांबायची. एका वर्षी ती थांबलीच नाही, टायर एका जागी कायमचे चपटे झाले होते. आता हवा वेळेवर भरते आणि आठवड्याला एकदा तरी गाडी फिरवून आणते. माझ्यासारख्या घरोघर असतील, त्यांनी हे जरूर करावं.

वेर्णा

एकच सांगतो. थरथर रोज वाढत असेल तर वाट बघू नका, नट तपासा. पंक्चर काढून आल्यावर माझ्या गाडीचे नट सैल राहिले होते.

धागाकर्ता

मडगावच्या दादांचं वाचून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली. स्टिअरिंग शांत झालं, थरथर सीटखाली गेली! म्हणजे दोष सस्पेन्शनचा नाही, चाकाचाच. मशीनवर एक रिम सरळ निघाली, वजनही शून्य, पण टायर फिरताना एका जागी उंच होत होता. तळवा फिरवला तर तिथे फुगवटा हाताला लागतो. सगळ्यांचे मनापासून आभार, मोठा खर्च वाचला.

मडगाव, टायरचं दुकान

दादा, तो टायर आजच उतरवा, स्टेपनी लावा. आतल्या तारांचा थर सुटलाय, वेगात फुटू शकतो. दुसऱ्या टायरचं वयही बघा. टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा आणि जुने चांगले पुढे. बरेच लोक उलट मागतात, पण पावसात मागच्या चाकाची पकड सुटली तर गाडी आवरत नाही.