पोरगा गेममध्ये फाडफाड बोलतो, दुकानातला फोन उचलत नाही

दुकानदार, पारोळा तालुका:
मुलगा यंदा दहावीला. तो मुका नाही, हे आधीच सांगतो. रात्री हेडफोन घालून बीजीएमआय खेळताना कुठल्या कुठल्या पोरांशी हिंदीत आरडाओरडा चालतो. पण दुकानात फोन वाजला की माझ्या तोंडाकडे बघतो. परवा होलसेलवाल्याला साखरेचे कट्टे किती पाठवू, एवढंच विचारायचं होतं. यानं फोन कापला आणि मेसेज टाकला, 'बोलो'.

कानबाईच्या रोटाला सगळे भाऊबंद जमले, हा कोपऱ्यात मोबाईल घेऊन. माझी माय म्हणाली, "काबर बोलस नई रे भाऊ?" अहिराणी कळते त्याला, पण उत्तर मराठीत, तेही मान खाली घालून.

गणिताचा फोटो काढतो, अ‍ॅप पायऱ्यांसकट सोडवून देतं, वही भरते. तेच गणित मी आकडे बदलून दिलं, तर दुसऱ्याच पायरीला गाडी अडकली. फोन काढून घेऊ का?

शिक्षिका, धुळे:
दिला कोणी, ते आधी आठवा. २०२० च्या जूनमध्ये ही पोरं पाचवीत गेली. शाळा बंद, अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर. वर्गात भांडायचं, रुसायचं, हात वर करून चुकीचं उत्तर द्यायचं वय बरंचसं घरातच गेलं. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणवाल्यांनी २०२४ मध्ये मागच्या आठवड्याबद्दल विचारलं होतं. फोन अभ्यासाला वापरणारी ५७ टक्के, सोशल मीडियाला ७६ टक्के. तुमचा एकटाच नाही. अ‍ॅप राहू द्या, पण उत्तर आलं की वही मिटून तुम्हाला तोंडी समजावायला लावा. अडकेल तिथं थांबा, लगेच सांगू नका.

मूळचा अमळनेरचा:
सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पण तिथं अख्खं गाव बंद करतं. तुम्ही गल्ल्यावर रील बघणार आणि पोराला म्हणणार ठेव, कसं जमेल?

कॉलेजवाली, शिरपूर:
काका, मीपण फोन उचलत नव्हते. ठेवला की पप्पा लगेच, "असं बोलतात का?" मेसेज खोडून परत लिहिता येतो. गेममध्ये चुकलं तर हसणारा ओळखीचा नसतो. तो बोलतो तेव्हा तुम्ही समोर बसून ऐकता का?

दुकानदार, पारोळा तालुका:
ऐकतो. मधेच सुधारतोही. ताईचं लागलं मला.

म्हणून काल उधारीची वही त्याच्या हातात दिली आणि घरी जेवायला गेलो, मुद्दाम तासभर लावला. आलो तर तिघांची उधारी जमा. फोन एकालाही केला नव्हता, सगळ्यांना मेसेज आणि खाली क्यूआर. त्यातले एक अण्णा चार महिने मला बघून रस्ता बदलत होते. आता याला काय बोलू?