लोखंडी कपाटाला हात लावला की टक्कन शॉक बसतोय, वायरिंग खराब की आणि काय?

पेठेतला_पप्या
मंडळी नमस्कार. गेले पंधरा दिवस आमच्यात एक वेगळाच ताप सुरू झालाय. पहाटे ब्लँकेट बाजूला सारून उठलो आणि कपाटाच्या मुठीला हात लावला की टक्क, शॉक बसतोय. काल बाथरूमच्या नळाला बसला, परवा बायकोला माझ्या हाताचाच बसला, त्यावरनं अर्धा तास बोलणी खाल्ली. बायको म्हणते अर्थिंग गेलंय. आई म्हणते अंगात उष्णता वाढलीय, सब्जा पी. एक वायरमन बोलावला, त्यानं बोर्डसुद्धा न उघडता सगळी वायरिंग बदलायला लागणार, अठरा हजार, असं सांगितलं. आता गंमत अशी की कपाट ज्या भिंतीला आहे तिथं वायरच नाही, आणि टेस्टर लावला तर पेटत पण नाही. मग करंट येतोय कुठनं?

दुसरं, हे बघून आठवीतल्या पोरीनं कंगवा केसावर घासून कागदाचे कपटे उचलायचा उद्योग काढलाय. तिनं विचारलं, पप्पा, पुस्तकात दिलंय की विरुद्ध प्रभार ओढतात आणि सारखे ढकलतात, पण कपट्यांवर तर कायच प्रभार नाही, मग कंगवा त्यांना ओढतोय कशाला? मी चहाला म्हणून बाहेर पडलो ते तासानं परत आलो. कुणीतरी इज्जत वाचवा.

मागवाला_इचल
अठरा हजार खिशातच ठेवा दादा. हा स्टॅटिक आहे, म्हणजे घासून अंगावर साठलेला चार्ज (पोरीच्या पुस्तकातला प्रभार तोच), आमचा मागाचा धंदाच त्याच्याशी भांडण्यात जातोय. थंडीत दुपारची हवा कोरडी पडली की पॉलिस्टरचं सूत असं वागतं की विचारू नका. वार्पिंगला, म्हणजे कापडाचे उभे धागे गुंडाळताना, ताण्याचे हे धागे एकमेकाला टेकायला तयार नसतात, प्रत्येक धाग्यावर एकाच जातीचा चार्ज, मग ते फुगून लांब लांब उभे राहतात, वरनं उडणारा कचरा आणि तुसं मात्र ओढून घेतात. म्हणून बड्या शेडमध्ये हवेत ओल सोडणारा ह्युमिडिफिकेशन प्लँट असतोय, आणि आमच्यासारखे लहान लोक जमिनीवर पाणी मारतात. हवेत ओल असली की सगळ्या वस्तूंवर पाण्याचा डोळ्याला न दिसणारा थर बसतो, त्यातनं चार्ज गपचूप निसटून जातोय, साठायला वावच मिळत नाही. जुलैमध्ये कधी बसलाय का कपाटाचा शॉक? आपल्याकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात.

ब्लँकेट कुठलं आहे? ते मऊ मऊ सिंथेटिक असणार. सुती गोधडी घ्या आणि बघा.

रंकाळा_वॉक
तांब्याचं कडं घाला दादा, माझ्या मेव्हण्याचं थांबलं त्यानं. शरीरातली निगेटिव्ह एनर्जी खेचून घेतं.

निवृत्त_मास्तर
कड्यानं काही होत नाही हो. कडंही तुमच्याच अंगाला चिकटलेलं, म्हणजे तुमच्यावर जेवढा प्रभार तोच त्याच्यावर पसरणार, तो जाणार कुठं? मेव्हण्यांचं थांबलं असेल तर थंडी संपली असेल.

आता पप्याराव, पहिल्यापासनं सांगतो, जरा लांबेल. घासल्यानं वीज ‘तयार’ होते ही समजूत आधी काढून टाका. तुमच्या अंगात आणि ब्लँकेटमध्ये दोन्हीकडं धन आणि ऋण प्रभार खच्चून भरलेले आहेत, फक्त एकमेकांना पुरे पडतात म्हणून जाणवत नाहीत. दोन वेगळ्या वस्तू टेकल्या की एकीकडचा थोडा ऋण प्रभार दुसरीकडं जातो. घासणं म्हणजे काय, तर जास्त जागा जास्त वेळा टेकणं. एवढंच.

पण नुसतं टेकून शॉक बसत नाही, खरी गोष्ट सुटताना घडते आणि पुस्तकात ही बाजू पटकन उरकतात. तुम्ही ब्लँकेटमध्ये झोपलेले असता तेव्हा तुमच्यावरचा प्रभार आणि ब्लँकेटवरचा उलटा प्रभार अगदी लागून असतात, व्होल्टेज किरकोळ. मग तुम्ही ब्लँकेट सारता. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढत असतात आणि तुम्ही ते ओढाताण करून वेगळे करता. त्या ओढीविरुद्ध जे काम केलं ते गेलं कुठं? ते व्होल्टेज होऊन तुमच्या अंगावर बसलं. प्रभार तेवढाच, पण अंतर वाढलं तसं व्होल्टेज चढत जातं, सहज पाच-दहा हजारावर. म्हणजे कपाटाचा करंट महावितरणचा नव्हे, तुमच्याच दंडाच्या ताकदीचा आहे. प्लास्टिकच्या खुर्चीवरनं उठताना बसणारा शॉक तोच, तिथं मांड्यांची ताकद.

मग बोट मुठीच्या जवळ गेलं की मधली हवा फाटते. कोरड्या हवेला एक मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. टक्क असा आवाज येतो ती ठिणगीच.

पेठेतला_पप्या
दहा हजार व्होल्ट??? घरात २३० ला माणूस मरतोय आणि मी दहा हजार घेऊन नुसतं ‘आयला’ म्हणून दात घासायला जातोय?

निवृत्त_मास्तर
रास्त प्रश्न. टाकी आणि पाण्याचं बघा. टाकी चौथ्या मजल्यावर आहे पण आत एक चमचाच पाणी आहे, धार जोरात येईल आणि लगेच संपेल. माणसाच्या अंगाची प्रभार साठवायची कुवत साधारण १०० पिकोफॅराड धरतात (फॅराड हे त्या कुवतीचं माप, कुलोम हे प्रभाराचं). दहा हजार व्होल्टला त्यात मावला एक मायक्रोकुलोम, म्हणजे कुलोमचा दहा लाखावा भाग, ऊर्जा झाली ५ मिलिज्यूल, आणि ती क्षणाच्याही बारीक तुकड्यात संपते. घरातल्या २३० च्या मागं मात्र अख्खं सबस्टेशन उभं असतंय, ते थांबतच नाही.

तरी मायक्रोकुलोमला कमी समजू नका, त्यात इलेक्ट्रॉन सव्वासहा लाख कोटी होतात. फ्रान्समध्ये चार्ल्स कुलोम म्हणून इंजिनिअर होऊन गेला, त्यानं १७८५ मध्ये बारीक तारेला आडवी काडी टांगून, तारेला किती पीळ पडतो यावरनं हे बल मोजलं. अंतर दुप्पट केलं की बल चौथाई होतं, तिप्पट केलं की नववा हिस्सा. हिशोब करून बघा, एक-एक मायक्रोकुलोमचे दोन बारीक गोळे दहा सेंटिमीटरवर ठेवले तर ०.९ न्यूटन, म्हणजे नव्वद ग्रॅमचं वजन हातात धरल्याएवढा जोर. वीस सेंटिमीटरवर नेले की बावीसच ग्रॅम. कंगव्यावर याच्या पुष्कळ कमी प्रभार असतो, पण कपटाही तसाच हलका.

लेकीचा प्रश्न विसरलो नाही. खरं सांगतो, चौतीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न आपणहून विचारणारी पोरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी भेटली. कपटा एकूण उदासीन आहे, पण आतले प्रभार जरा सरकू शकतात. कंगवा ऋण आहे असं धरा. तो जवळ आला की कपट्यातला ऋण प्रभार केसभर पलीकडं सरकतो, धन अलीकडं राहतो. आता कंगवा अलीकडच्या धनाला ओढतो आणि पलीकडच्या ऋणाला ढकलतो, दोन्ही प्रभार सारखेच. मग ओढ आणि ढकल फिटायला पाहिजे होती ना? फिटत नाही, कारण धन जवळ आहे आणि ऋण लांब आहे. कुलोमनं मोजलेलं ते अंतर इथं कामाला येतं. ओढ जरा जास्त भरते आणि त्या फरकावर कपटा उचलला जातो. बल अंतरावर अवलंबून नसतं तर कंगव्यानं एक कपटा हलला नसता.

तिला सांगा, चिकटलेल्या कपट्यांकडं बघत बस. काही कपटे थोड्या वेळानं आपणहून उडून पडतात. का ते तिलाच शोधू दे, तुम्ही सांगू नका. (म्हणजे तुम्हाला येत असेल तर.)

पंपावरचा_गडी
मास्तरांनी ५ मिलिज्यूल म्हटलं म्हणून लिहितोय. पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला साधारण पाव मिलिज्यूल पुरतंय. ट्रेनिंगला हे सांगितलं तेव्हापासनं मी कॅनवाल्यांशी भांडतोय. प्लास्टिकचा कॅन गाडीच्या डिकीत ठेवून त्यातच टाक म्हणतात, ते करायचं नसतं, कॅन खाली जमिनीवर ठेवायचा. टँकर आला की पाइप जोडायच्या आधी अर्थिंगची वायर लावतात ती पण ह्याच्यासाठीच. लोकांना वाटतं उगाच शिस्त मारतोय.

मागवाला_इचल
बरोबर आहे गड्याचं. पप्यादादा, घरात स्लिपर कुठली घालता? स्पंजची असेल तर चार्ज जमिनीत उतरायला वाटच नाही. चामड्याचा तळ असलेली आपली कोल्हापुरी त्यापेक्षा बरी, चामडं थोडी ओल धरतं. आणि मूठ धरायच्या आधी किल्ली घट्ट धरून तिचं टोक टेकवा. ठिणगी किल्लीच्या टोकाला पडते, बोटाच्या एका ठिपक्यात घुसत नाही, कळत पण नाही.

निवृत्त_मास्तर
किल्लीची युक्ती उत्तम. नाहीतर आधी तळहात भिंतीला लावा, चुन्याच्या भिंतीतनं प्रभार हळूहळू उतरतो.

पण एक गोष्ट नीट ऐका. स्टॅटिकचा शॉक एकदाच बसतो, लगेच परत हात लावला तर काही नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर यांना हात लावल्यावर प्रत्येक वेळी झिणझिण येत असेल, हात आहे तोवर येत असेल, टेस्टर पेटत राहत असेल, तर तो स्टॅटिक नव्हे. तिथं किल्ल्या टेकवत बसू नका, मेन बंद करा आणि वायरमन बोलवा, बोर्ड उघडून बघणारा.

पेठेतला_पप्या
मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. आईची जुनी गोधडी काढली, कपाटाचा शॉक जवळजवळ बंद. ते सिंथेटिक ब्लँकेट पोरीनं पळवलंय, लाइट घालवून अंधारात झटकते आणि ठिणग्या मोजते, काल एकवीस झाल्या म्हणे. उडणाऱ्या कपट्यांचं तिनं शोधलं, कंगव्याला टेकून टेकून कपट्याला कंगव्याचाच प्रभार लागतो, मग दोघं एका जातीचे झाले की ढकलाढकली. मास्तर, बरोबर काय?

आणि मास्तरांचं वाचून सगळीकडं टेस्टर लावत सुटलो. फ्रिज ठीक. वॉशिंग मशीनला लावला तर पेटला आणि पेटलेलाच राहिला. मेन बंद करून दुसरा वायरमन बोलावला, त्यानं मशीन उघडली तर आत एका वायरचं कव्हर घासून गेलेलं आणि ती पत्र्याला टेकलेली, वर मशीनच्या पिनमधली अर्थिंगची वायर पण तुटलेली. दोन्ही करून साडेतीनशे रुपये घेतले. बायको आता म्हणतेय, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं अर्थिंग गेलंय म्हणून.

निवृत्त_मास्तर
लेकीचं अगदी बरोबर. वहिनींचंही.