६०६ने ढोलक-तबलेवाल्यांचं पोट मारलं म्हणे!

सुरसागरकाठ: नवरात्राच्या धाग्यावर ठाय_लय यांनी ठोकून दिलंय, 'बडोद्यातला ठेका मेला तो रोलंड टीआर-६०६सारख्या, आपोआप ठेका वाजवणाऱ्या स्वस्त जपानी ड्रम मशीनच्या डब्यांमुळे. ढोलक-तबलेवाले घरी बसले.' डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर.

६०६ आलं १९८१ला, टीबी-३०३ बेस मशीनच्या जोडीने. आवाज सात, सगळे पाश्चात्त्य ड्रमसेटचे: किक, स्नेअर, दोन टॉम, उघडी आणि बंद हायहॅट, सिम्बल. त्यात तबल्याचा 'धा' कुठाय, 'ना' कुठाय? एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून केलेली वस्तू ती. तेव्हा लिन एलएम-१ हे दुसरं ड्रम मशीन पाच हजार डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे बड्या स्टुडिओंची चैन. ६०६ मात्र पोरासोरांच्या हाती लागलं. शिकागोच्या बिग ब्लॅक बँडला सुरुवातीपासून ड्रमर नव्हताच, हाच डबा होता. श्रेयनामावलीत त्याला माणसासारखं नाव दिलं, 'रोलंड'! त्या पातळ, चिरचिऱ्या हायहॅटवर अख्खा बँड उभा राहिला.

ठाय_लय: शिकागो राहू द्या, बडोद्यावर या. गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचाच, पण ढोली एखादी थाप किंचित मागे ओढतो आणि तिथेच पाय उचलला जातो. डब्यात ठोक्यांचे सगळे खण एकसारख्या अंतराचे. ॲक्सेंट, म्हणजे जोर, दिला तर त्या खणातले सगळेच आवाज एकदम अंगावर येतात. माझे काका गरब्यात ढोलक वाजवायचे. एका वर्षी आयोजकांनी ऐनवेळी सांगितलं, 'काका, आता ऑक्टापॅडवाला आणलाय.' ठरलेले पैसेही बुडवले.

मांडवीचा_ठोका: अहो, ऑक्टापॅड ड्रम मशीन नाही!! आठ पॅड, समोर काठ्या घेऊन घाम गाळणारा माणूस. १९८५च्या पॅड-८मध्ये तर स्वतःचा आवाजच नव्हता, दुसऱ्या यंत्राला जोडावं लागे. काकांची जागा माणसाने घेतली, ६०६ने नाही.

ठाय_लय: वा! काकांच्या पोटापेक्षा व्याख्या महत्त्वाची.

दांडियाबझारकर: ठेक्याचं सोडा, विसर्जनाच्या डीजेबद्दल कोणी बोलणार आहे का? आमच्या कपाटातली भांडी थरथरतात.

भैरवीताई: ठाय_लय, आपण एकाच क्लासला होतो म्हणून विचारते. तुम्ही तालमाला, म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक तबला, लावून विलंबित एकताल घोटायचात, तेव्हा तबलजींचं पोट नाही आठवलं?

ठाय_लय: रोज तबलजी बोलवायला मी काय संस्थानिक आहे का, ताई?

सुरसागरकाठ: हेच तर! परवडत नाही म्हणूनच डबा घेतात. शिकागोतली पोरं काय नि तुम्ही काय.

ठाय_लय: मी तालमाला मैफलीत घेऊन बसत नाही. फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

भैरवीताई: मैफलीला बसायचं तर आधी रियाज हवा ना? तो कुणाच्या जिवावर झाला?

मांडवीचा_ठोका: तालमालेवर घोटलेले गवई जिवंत तबलजीसमोर समेला गडबडतात, हे मात्र मी तबल्यावर बसून भोगलंय. हा मुद्दा ठाय_लय यांचा, नाइलाजाने देतो.

ठाय_लय: उपकार झाले.

दांडियाबझारकर: आणि डीजे?

सुरसागरकाठ: त्याचा वेगळा धागा काढा हो! ठाय_लय, हींचाचं मान्य. ६०६ला स्विंग, म्हणजे ठोका मागेपुढे झुलवणं, नाही, तुमच्या ढोलीची ओढ त्याच्या बापाला जमणार नाही. पण काकांचे पैसे आयोजकांनी बुडवले, जपानने नाही.

ठाय_लय: बरं, ६०६ निर्दोष, ऑक्टापॅड निर्दोष. ते आयोजक आता मोठे ट्रस्टी झालेत. एवढा पुळका आहे तर तुम्हीच जाऊन वसुली करा.