योगातला 'नियम' म्हणजे नेमकं काय?

यम-नियम (अष्टांगयोगातल्या पहिल्या दोन पायऱ्या) शिकवताना नियम म्हणजे 'रूल्स' असं सांगून मोकळे होतात. पण शौच (म्हणजे शुद्धी), संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान यात रूल कुठला? संतोष काय रूल म्हणून ठेवायचा? जाणकारांनी सांगा प्लीज.

—

कायद्यातला नियम डोक्यातून काढा, आपला 'नेम' आठवा. "पहाटे जप करायचा त्यांचा नेम आहे" म्हणतो ना, तो. स्वतःच स्वतःला घालून घेतलेला, मोडला तर कोणी विचारायला येत नाही, फक्त आपल्याला चुटपुट लागते. अहिंसा-सत्य वगैरे यम मुख्यतः इतरांशी वागण्याचे आणि त्यांना पतंजलीने जात, देश, काळ, प्रसंग कशाचीच सवलत न देता 'महाव्रत' म्हटलंय (योगसूत्र २.३१), नियमांना मात्र ते बिरुद लावलेलं नाही.

—

+१. संतोषाबद्दल व्यासभाष्यात (योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत) छान आहे, हाताशी जी साधनं आहेत त्याहून जास्त मिळवायची इच्छा नसणं. म्हणजे खूश असणं नाही, समाधान. पश्चिमोत्तानासनात हात पोटरीपर्यंतच पोचतायत आणि शेजारच्याचे अंगठ्याला लागलेत, तरी मान वर करून न बघता तिथेच श्वास संथ ठेवणं, हा संतोष.

—

मग आळशी माणसाची मजाच की :)

—

नाही ना, लगेच पुढे तप आहे! भूक-तहान, थंडी-ऊन सोसणं. तेही झेपेल तेवढंच, उगाच शरीराचे हाल नाहीत.

—

स्वाध्याय म्हणजे धड्याखालचे प्रश्न नव्हेत हेही सांगून टाकतो. हल्ली आत्मपरीक्षण, डायरी लिहिणं असा अर्थ सर्रास लावतात, वाईट काही नाही त्यात, पण भाष्यातला अर्थ मोक्षशास्त्राचं अध्ययन किंवा ॐकाराचा जप. २.४४ मध्ये स्वाध्यायाचं फळ इष्टदेवतेची भेट असं दिलंय, ते डायरीला कसं जोडणार? जपाला बरोबर जुळतं.

—

ईश्वरप्रणिधान राहिलंच की. सगळी कर्मं त्या परमगुरूला अर्पण करणं, एवढंच म्हटलंय भाष्यात. तप-स्वाध्यायासकट हेच तिघं २.१ मध्ये 'क्रियायोग' म्हणून आधीच येऊन गेलेत.

—

आणि पाचच असतात असंही नाही हं, हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात दहा यम, दहा नियम मिळतात आणि तिथे शौच चक्क यमांत आहे.