आईची चक्कर दोन महिने झाले जात नाही, गोळ्या चालूच आहेत, आता चालतानाही झोक जातो

वावरवाला (वणी तालुका)
आईचं वय ५९. दिवाळीपासून बाजेवर उजव्या कुशीवर वळली, की सगळं घर गरगर फिरतं. अर्ध्या मिनिटात थांबतं, पण मळमळ राहते. कान दुखत नाही, ऐकू नीट येतं. गावातल्या डॉक्टरांनी प्रोक्लोरपेराझिन आणि बीटाहिस्टिन दिली. तेव्हापासून दोन्ही रोज चालू आहेत. आता गरगरणं कमी झालंय, पण दिवसभर डोकं हलकं वाटतं, पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून ती घराबाहेर पडायला भिते. बीपीची गोळीही आहे. मानेचा एक्स-रे काढला, त्यात 'मणक्यात गॅप' निघाली. हे मानेचंच आहे का? कापसाची वेचणी चालू आहे आणि तिला घरी बसवत नाही.

कान_नाक_घसा_विदर्भ
भाऊ, साठीच्या आसपास बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच. चक्करचं कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवणं सोपं पडतं, एवढंच. कुशीवर वळल्यावर गरगरणं आणि मिनिटाच्या आत थांबणं ही खूण आतल्या कानाची आहे. तिथे कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत गेले, की डोकं थांबलं तरी ते वाहत राहतात आणि मेंदूला 'अजून फिरतोय' असा खोटा निरोप जातो. ते कण कोणत्याही गोळीने जागेवर जात नाहीत. डोकं ठरावीक क्रमाने वळवूनच न्यावे लागतात. या क्रियेला एपली म्हणतात.

पहिल्यांदा ती डॉक्टर किंवा फिजिओकडूनच करून घ्या. बाजू नक्की झाली, की घरी करता येते. उजव्या कानासाठी अशी: आईला पाय लांब करून बसवा. मान उजवीकडे ४५ अंश वळवा. मान तशीच धरून तिला पटकन पाठीवर झोपवा, डोकं खांद्यापेक्षा थोडं खाली लोंबायला हवं. गरगरेल, थांबू द्या, थांबल्यावरही ३० सेकंद मोजा. मग डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवा, पुन्हा तेवढाच वेळ. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर वळवा. नाकाचं टोक जमिनीकडे हवं, पुन्हा तेवढाच वेळ. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून त्याच बाजूने उठवा. डावा कान असेल तर सगळं उलट.

बहुतेक जणांची फसगत इथेच होते. बाज मधे खोल जाते, डोकं खाली जातच नाही. जमिनीवर सतरंजी टाका आणि खांद्याखाली घडी केलेली गोधडी ठेवा. तिसऱ्या टप्प्यात नाक खाली न जाता भिंतीकडेच राहिलं, तर कण मधेच अडकतात. उठल्यावर मागे तोल जाऊ शकतो, म्हणून खांद्याला धरून दोन-तीन मिनिटं बसवून ठेवा. दिवसातून एकदा पुरे. २४ तास गरगर नाही आली की बंद. मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, संधिवाताने मान धरलेली असेल किंवा डोळ्याचा पडदा सुटला असेल, तर घरी करायचंच नाही.

गरगरत असताना डोळ्यांचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. बुबुळं आडवी उडत असतील आणि दोन्ही कुशींवर गरगरत असेल, तर कण आडव्या नळीत आहेत. तिथे एपली चालत नाही, वेगळी क्रिया लागते. व्हिडिओ पाहून डॉक्टरला हे बरंच लवकर कळतं.

फिजिओ_अमरावती
वरचं बरोबर आहे. मी 'पाय टेकत नाहीत' याबद्दल सांगते, कारण लोक यातच अडकतात. प्रोक्लोरपेराझिन, सिन्नारिझिन या गोळ्या तोल सांभाळणारी यंत्रणाच सुस्त करतात. ओकाऱ्यांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरत्या त्या ठीक. पुढे मेंदूला नवा तोल शिकू देत नाहीत. वयस्कांमध्ये महिनोन्‌महिने चालल्या, तर हात कापणं, अंग जड होणंही दिसतं. परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरना 'ही अजून किती दिवस?' असं नक्की विचारा.

सोबत व्यायाम सुरू करा. भिंतीवरच्या कॅलेंडरची एक मोठी तारीख हाताच्या अंतरावर धरा, नजर तिच्यावर आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. अंक पुसट होणार नाही इतक्याच वेगात. सुरुवातीला बसून ३० सेकंद, मग एक मिनिट. मग वर-खाली. दिवसभरात तीन ते पाच वेळा. जमलं की उभं राहून, मग पाय जुळवून. व्यायामाने थोडी चक्कर यायलाच हवी, नाही आली तर उपयोग होत नाही. पण १५-२० मिनिटांत ती शमली पाहिजे. त्याहून जास्त राहिली, तर वेग कमी करा. तोलाचा सराव खोलीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून करा. नंतर घडीच्या गोधडीवर उभं राहून.

तीन महिन्यांच्या पुढेही बहुतेक दिवस असंच हेलकावल्यासारखं राहिलं, बाजारातल्या गर्दीत वाढलं, तर त्याचा उपचार वेगळा आहे. व्यायामाबरोबर कधी मनावर काम करणारी गोळीही देतात. तिला 'वेड्याची गोळी' म्हणू नका, त्या आजारात तिचा खराच उपयोग होतो.

उपकेंद्र_सिस्टर
बीपीची गोळी आहे म्हणून सांगते जी. आईला पाच मिनिटं झोपवून बीपी मोजा, उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना येणारी चक्कर त्याचीच. गोळीची वेळ, मात्रा डॉक्टर बदलतील. हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ करून घ्या. अंधारात जास्त झोक जात असेल आणि तळपाय बधिर असतील, तर बी-१२ किंवा साखर बघायलाच हवी. उपकेंद्रात ई-संजीवनीवरून तज्ज्ञाशी बोलता येतं, नाहीतर सेवाग्राम किंवा यवतमाळच्या मेडिकलची ओपीडी.

पण एकदम चक्कर आली आणि सोबत बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, एका बाजूची ताकद जाणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं किंवा अचानक भयंकर डोकेदुखी असेल, तर एपली नाही, थेट १०८. एक कान अचानक बंद झाला तरी त्याच दिवशी दाखवा.

वावरवाला
ताई, सर, खूप आभार. वेचणीला केव्हा नेऊ?

फिजिओ_अमरावती
कुशीवर वळून गरगर थांबली आणि घरात आधाराशिवाय, डोकं वळवत चालता आलं, की न्या. आधी तास-दोन तास, सकाळी. वाकून खालची बोंडं तिला नको, उभ्याने हाताला येतील तेवढीच. कमरेची झोळी अर्धी भरली की रिकामी करायची, एका बाजूचं वजन तोल ओढतं. धुऱ्यावरून एकटी नको, विहिरीच्या काठाला तर अजिबात नको. पहाटे बाहेर जाताना हातात बॅटरी द्या, आणि बाजेवरून उठली की पाय खाली सोडून मिनिटभर बसू द्या.