प्रतिसाद: हान्सबाईची बोटसफर
वर विचारलंय, दक्षिण आफ्रिकेतल्या हान्सबाईला ग्रेट व्हाइट शार्क नक्की दिसतो का? आता तशी खात्री नाही. 2017 पासून पोर्ट आणि स्टारबोर्ड या ऑर्कांच्या (किलर व्हेल) जोडीने तिथे शार्क मारून त्यांची यकृतं खाल्ली आणि बरेच ग्रेट व्हाइट तो किनारा सोडून गेले. शार्क बघायला पर्यटकांना ज्यात बसवून पाण्यात सोडतात, त्या पिंजऱ्यातून आता बहुधा ब्रॉन्झ व्हेलर शार्क दिसतात. तेही देखणेच!

देवमाशांसाठी मात्र जरूर जा, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. सदर्न राइट देवमासे पिल्लांसह किनाऱ्याच्या अगदी जवळ असतात. परवानाधारक बोटच घ्या. तिला देवमाशांपासून 50 मीटरपर्यंत जाता येतं, इतरांना 300 मीटर लांब राहावं लागतं. पिल्लांसाठी हा नियम पाळलाच पाहिजे. आणि बोट लागत असेल, तर गोळी निघण्याआधीच घ्या.