‘पब्लिक की’ ही किल्ली की कुलूप?

प्रश्न : माहिती-सुरक्षेवरच्या मजकुरात इंग्रजी ‘की’साठी (key) कोणता शब्द वापरावा? कुंजी, कळ, चावी, किल्ली असे चार पर्याय आहेत. दुसरी अडचण : ‘सार्वजनिक किल्ली’ लिहिलं की वाचक विचारतो, किल्ली गावभर वाटली तर कुलूप लावायचंच कशाला?

प्रतिसाद : ‘कळ’ नको, ती कळफलकावर गेली. ‘कुंजी’ हिंदी वाटते. चावी पोर्तुगिजांकडून आलेली असली तरी घरचीच झाली आहे. किल्ली किंवा चावी, कोणतीही घ्या, पण मजकूरभर एकच ठेवा. खरा घोळ विशेषणांचा आहे. ‘गुप्त किल्ली’ म्हणजे दोन्ही बाजूंकडे असलेली एकच किल्ली. तिनेच मजकूर बंद होतो, तिनेच उघडतो (उदा. एईएस ही मजकूर कुलूपबंद करण्याची पद्धत, तिच्या १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ३९ अंकी संख्या लागते). ‘खासगी किल्ली’ (प्रायव्हेट की) जोडीतली, एकाच माणसाकडे राहणारी; जोडीतली दुसरी, सगळ्यांना वाटायची, ती ‘जाहीर किल्ली’ (पब्लिक की). बरेच अनुवाद दोन्हींना ‘गुप्त’ म्हणतात आणि मग पुढचं काहीच कळत नाही.

प्रतिसाद : वाचकाची शंका रास्त आहे. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी जी कल्पना मांडली तिच्यात जाहीर किल्ली काही उघडतच नाही. ती उघड्या कुलपासारखी आहे. कुणीही खटकन लावावं, उघडणार फक्त खासगी किल्लीने. मात्र या कुलपात मावतं फार थोडं : आरएसए या जाहीर किल्लीच्या पद्धतीत २०४८ बिटांच्या किल्लीला २५६ बाइटांहूनही कमी. म्हणून फाइल आधी नव्याने तयार केलेल्या गुप्त किल्लीने बंद करतात आणि ती छोटीशी किल्ली जाहीर किल्लीने कुलूपबंद करून फाइलबरोबर पाठवतात. पहिल्या उल्लेखाला ‘जाहीर किल्ली, म्हणजे वाटलेलं कुलूप’ असं लिहा.

प्रश्नकर्ता : मग डिजिटल सहीत तर उलटं होतं. तिथे खासगी किल्ली आधी लागते.

प्रतिसाद : तिथे कुलूप सोडा, शिक्का धरा : खासगी किल्लीने तो उमटतो, जाहीर किल्लीने कुणीही पडताळतो. मराठेशाहीतल्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते. मोर्तब झाल्यावर खाली ओळ घुसडता येत नसे. डिजिटल सही नेमकं हेच करते : पत्र कुणाचं, आणि ते बदललेलं नाही ना. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे.

सहीआधी मजकुरावरून गणिताने जो ठरावीक लांबीचा, बहुधा २५६ बिटांचा, ‘हॅश’ काढतात त्याला काही जण गोषवारा म्हणतात. ते चूक आहे. गोषवारा वाचून मजकूर कळतो, हॅशवरून काहीच कळत नाही. ‘ठसा’ म्हणा. एक स्वल्पविराम बदलला तरी सुमारे निम्मे बिट बदलतात.

प्रतिसाद : डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर पीडीएफ वाचकात पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की लोक ‘सही खोटी’ म्हणतात. चूक. त्याचा अर्थ ‘सही पडताळलेली नाही’ : जाहीर किल्ली कुणाची हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रांच्या साखळीचं मूळ त्या संगणकाच्या ओळखीचं नाही. सहीवर क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. साखळीत सर्वांत वर ‘सीसीए इंडिया’ (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचा सरकारी नियंत्रक) असेल ते निवडून ‘ट्रस्ट’मध्ये ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, आणि शेवटी ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. ते मूळ प्रमाणपत्र अस्सल असल्याची खात्री आधी करा, नाव कुणीही टाकू शकतं. छापील प्रतीवरची हिरवी खूण मात्र नुसतं चित्र आहे, तिच्यावरून पडताळणी होत नाही.

प्रतिसाद : दोन क्रियापदंही वेगळी ठेवा. किल्ली ‘हरवते’ आणि किल्ली ‘फुटते’, गुपित फुटतं तशी. हरवली तर तिनेच उघडणाऱ्या फाइली कायमच्या गेल्या, म्हणून राखीव प्रत वेगळ्या जागी ठेवायची. फुटली तर प्रत असून उपयोग नाही, प्रमाणपत्र ताबडतोब रद्द करायचं. डीएससीच्या (डिजिटल सही प्रमाणपत्राच्या) डोंगलमधली, म्हणजे संगणकाला जोडायच्या यूएसबी उपकरणातली, खासगी किल्ली बाहेर काढताच येत नाही, पिन हा फक्त तिच्या दारावरचा परवलीचा शब्द. तो बरेचदा चुकला की डोंगल बंद पडतं : किल्ली हरवली. डोंगल पिनसकट दुसऱ्याच्या हाती दिलं, तर तिला फुटलेलीच समजा.